भाचीला जाहिरातींच्या ऑफर येताहेत, कॉलेज हिस्सा मागतंय. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंसाठी नियम झाले म्हणे, आपल्याकडे काय?

मामा_यावलवाले

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, कारण आमच्याकडे हल्ली जेवायला बसलं की हाच विषय निघी राह्यला आणि कोणीतरी अर्ध्या ताटावरून उठतंच.

भाची एसवाय बीएला आहे, जळगाव जिल्ह्यातल्याच एका कॉलेजला, वय १९ पूर्ण. भाला फेकते. यंदा ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला मेडल आलं, मैत्रिणीने तिच्या थ्रोचा रील टाकला तो कुठून कुठे गेला, आणि तेव्हापासून दाजींचा फोन थांबत नाही. काय काय आलंय ते सांगतो. एक सराफ आहे, आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेला) होर्डिंग आणि दोन व्हिडिओ पाहिजे, थोडी रोख आणि एक स्कूटी देतो म्हणे. एक सप्लिमेंटचं दुकान, पैसे नाही पण वर्षभर प्रोटीनचे डबे फुकट, बदल्यात दर आठवड्याला इन्स्टावर स्टोरी. एक रमी ॲपवाला, तो तर सगळ्यात जास्त द्यायला तयार. एक पोलीस भरती अकॅडमी, तिने विचारलंच नाही, सरळ चौकात बोर्ड ठोकला 'आमची यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून. पोरगी अकरावीच्या सुट्टीत तिथल्या ग्राउंडवर पळायला जायची तेवढंच, पण दाजी म्हणता की तेव्हा कुठल्यातरी फॉर्मवर सही केली होती खरी. आणि शेवटी पुण्याचा एक मॅनेजर. तो म्हणतो तुम्ही कोणाशी बोलूच नका, सगळं मी बघतो, सात वर्षांचा करार, येईल त्यातले तीस टक्के माझे.

आता कॉलेजचं ऐका. प्राचार्यांनी दाजींना बोलावून सांगितलं की ती आमची खेळाडू, परवानगीशिवाय कुठेही फोटो द्यायचा नाही आणि जे पैसे येतील त्यातला काही भाग कॉलेजच्या क्रीडा फंडात. काही म्हणजे किती ते सांगितलं नाही. कुठल्या नियमाने तेही नाही.

दाजींचं म्हणणं केळीला भाव नाही, पोरीला आज विचारताहेत, पुढच्या वर्षी कोण विचारणार, सह्या करून मोकळं होऊ. ताईला हे सगळं प्रकरणच नको आहे, आधी डिग्री म्हणते. भाची स्वतः म्हणते मला पायातले स्पाइक्स आणि एक चांगला भाला मिळाला तरी पुरे, बाकी तुम्ही बघा.

मी यूट्यूबवर बघितलं की अमेरिकेत कॉलेजची पोरं करोडोंनी कमावताहेत आणि तिथे कायदे, कोर्ट, कमिशन सगळं झालंय. तिथल्या एका युनिव्हर्सिटीच्या कोचचा भाचीला मेल पण आलाय स्कॉलरशिपबद्दल, तो खरा आहे का खोटा ते अजून बघतोय. तर तिथे नक्की काय नियम आहे, आपल्याकडे काही आहे का, आणि कॉलेजला असा हिस्सा मागता येतो का? माहितगारांनी सांगा. "पोरीच्या जातीला होर्डिंग कशाला" असलं लिहिणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

केळी_रावेर

आंडेरनं नाव व्हयनं, आते भाऊबंद बी येतीन (पोरीचं नाव झालं, आता भाऊबंद पण येतील) 😄 मामा, अभिनंदन तिचं आधी. बाकी ते होर्डिंगवर खाली चाळीस जणांचे फोटो असता ना, 'शुभेच्छुक' म्हणून, त्यात पोरीचा फोटो शोधावा लागतो. सराफाला सांगा की फोटोत तीच मोठी पाहिजे, सराफाचे काका-पुतणे नको.

अमळनेर_पीटी_सर

मी स्वतः कॉलेजला क्रीडा संचालक आहे, तुमच्या कॉलेजचा नाही, त्यामुळे मोकळं बोलतो.

प्राचार्यांच्या बोलण्यात अर्धा भाग बरोबर आहे. कॉलेजचं नाव, लोगो, युनिव्हर्सिटीची जर्सी हे कॉलेजचं नि विद्यापीठाचं. ते घालून ती सोन्याच्या दुकानात उभी राहिली तर परवानगी घ्यायलाच पाहिजे, नाहीतर उद्या कोणी गुटखावाला पण आपल्या विद्यापीठाच्या (कबचौ उमवि) जर्सीत पोरं उभी करेल. पण साध्या ट्रॅकसूटमध्ये, स्वतःच्या नावाने, सुट्टीच्या दिवशी तिने फोटो काढला तर त्यात कॉलेजचा काय संबंध? हिस्सा मागण्याचा कुठला लेखी नियम माझ्या तरी बघण्यात नाही. लेखी मागा. पत्र द्या की कोणत्या नियमानुसार ते कळवावे. नव्वद टक्के वेळा तिथेच विषय संपतो.

पण आता दुसरी बाजू, आणि ही मी पोटतिडकीने लिहितोय. आमच्याकडे पोरं अश्वमेधला (राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला) जाता तेव्हा रिझर्वेशन कन्फर्म नसतं, दोन बर्थवर पाच जण बसून जाता, भत्ता मिळतो तो नाश्त्यात संपतो. त्यातल्या एकीला अचानक स्कूटी मिळाली की बाकीच्यांचं काय होतं ते मी बघितलंय. रिलेच्या चार मुलींपैकी एकीचेच रील चालायचे, तिला एका दुकानाने कपडे दिले, आणि बॅटन बदलताना सुद्धा बाकीच्या तिच्याशी बोलत नव्हत्या. आणि ज्यांना मिळतं त्यांना खेळामुळेच मिळतं असं नाही हो, चेहऱ्यामुळे मिळतं. गोळाफेकची माझी एक मुलगी भाचीपेक्षा कमी नाही, तिला एकाही दुकानाने विचारलेलं नाही आणि विचारणार पण नाहीत.

म्हणून माझं मत, नियम पाहिजेच. विद्यापीठाच्या पातळीवर एक साधा अर्ज, कोणाशी करार, किती रुपये, किती दिवस, परीक्षा आणि स्पर्धेच्या तारखांना शूटिंग नाही. आणि एक ठराविक छोटा वाटा सगळ्या टीमच्या किटसाठी. हे मी हिस्सा मागायला म्हणत नाही, टीम टिकायला म्हणतोय.

ओहायोतला_चोपडेकर

मामा, मी वीसेक वर्षं इकडे आहे, माझा मुलगा पण इथे कॉलेजला पोहतो (त्याला कोणी दमडी देत नाही, पोहणाऱ्यांना कोण विचारतंय), त्यामुळे हे सगळं जवळून बघतोय. यूट्यूबवाले निम्मं सांगता.

इथे कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाची संस्था आहे, १९०६ पासूनची. तिचा शंभर वर्षं एकच हेका, की कॉलेजचा खेळाडू हौशी, स्कॉलरशिप घ्या पण स्वतःच्या नावावर एक डॉलर घ्यायचा नाही. इकडे स्टेडियम लाख माणसांचं, टीव्हीचे हक्क अब्जांत, कोचला वर्षाला कोट्यवधी डॉलर, आणि ज्याच्या नावाची जर्सी विकली जाते त्या पोराने सही करून फोटो विकला तर त्याला बाहेर. एड ओबॅनन नावाचा बास्केटबॉलवाला होता, त्याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला, तोच नंबर, तशीच शरीरयष्टी, पैसे शून्य. त्याने २००९ ला केस टाकली, तिथून हे सगळं हललं. मग २०१९ ला कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूला स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेऊ द्या. बाकी राज्यांना वाटलं चांगले खेळाडू तिकडे पळतील, म्हणून एकेकाने तसेच कायदे काढले. २१ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ऑलस्टन केसमध्ये एनसीएएला नऊ विरुद्ध शून्य असं हाणलं. लोक म्हणता त्या निकालाने जाहिराती सुरू झाल्या, पण त्या केसमध्ये जाहिरातीचा विषयच नव्हता, लॅपटॉप, इंटर्नशिप असल्या शिक्षणाशी जोडलेल्या फायद्यांचा होता. पण एनसीएएला कळलं की आता कोर्टात टिकणार नाही, आणि १ जुलै २०२१ पासून त्यांनी दार उघडलं.

आता गंमत इथे आहे. दार उघडलं पण चौकट लावली नाही. सहा महिन्यांत श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा करायचे गट काढले, नाव जाहिरातीचं आणि काम खेळाडू फोडायचं, म्हणजे आमच्या कॉलेजला ये, तुला इतके देतो. एक साधी पोस्ट टाकायचे आठ लाख डॉलर कोण देतं? मायामीला एका बास्केटबॉलच्या पोराला दोन वर्षांचे तेवढे आणि वर गाडी मिळाली, २०२२ ची गोष्ट. आणि दुसऱ्या टोकाला जेडन रशाडा, अमेरिकन फुटबॉलवाला. हायस्कूल संपवणाऱ्या या पोराला फ्लोरिडाकडून १ कोटी ३८ लाख डॉलरच्या आसपासचं डील कबूल झालं होतं, ते फिसकटलं, त्याने २०२४ ला तिथल्या कोचवर केस केली. त्याच वर्षी लास वेगासच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (म्हणजे मुख्य खेळाडू) तीन मॅच खेळून टीम सोडून गेला, त्याची बाजू अशी की तोंडी कबूल केलेले लाख डॉलर दिलेच नाही. तोंडी! आपल्याकडचं 'बघू ना भाऊ, देऊ ना' हेच, फक्त आकडा डॉलरमध्ये.

म्हणून मग दुसरी फेरी. ६ जून २०२५ ला हाउस नावाच्या केसमध्ये तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर थकबाकी, आणि पुढे कॉलेजांनी स्वतः खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरच्या जाहिरातीचं डील ६०० डॉलर किंवा वर असेल तर ते एका पोर्टलवर दाखवायचं, डेलॉइटने बनवलेलं आहे, आणि ते तपासता की देणाऱ्याचा खरंच काही धंद्याचा हेतू आहे का आणि रक्कम बाजारभावात बसते का. देखरेखीला वेगळं कमिशन. त्या कमिशनने आधी म्हटलं की नुसते पैसे वाटायला काढलेले गट चालणार नाहीत, मग खेळाडूंच्या वकिलांनी डोळे वटारले तर महिन्याभरात भूमिका मवाळ केली. म्हणजे नियम आहे, पण रोज भांडण पण आहे.

पीटी सरांचं दुखणं इथेही तेच. थकबाकीच्या वाटपात सिंहाचा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला, म्हणून काही महिला खेळाडू अपिलात गेल्या. जाहिरातीत मात्र मुलींनी चांगलं कमावलं, लुइझियानाची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन, आयोवाची केटलिन क्लार्क. पण डनला लाखो फॉलोअर होते हे विसरू नका.

तुमच्या कामाची गोष्ट मला यातली वेगळीच वाटते. इथे खेळाडूचे पैसे किती यावर एवढी मारामारी झाली, पण पोरांचं नुकसान जास्त झालं ते मधल्या माणसांमुळे. आणि त्यांच्यासाठीचे नियम खरं तर जुने आहेत. २००४ चा केंद्राचा कायदा आहे, एजंटने कॉलेज खेळाडूला खोटी आमिषं दाखवून सही घ्यायची नाही. बऱ्याच राज्यांत एजंटला नोंदणी करावी लागते आणि एजंटशी केलेला करार खेळाडूला सही केल्यापासून चौदा दिवसांत रद्द करता येतो, कारण न देता. हे चौदा दिवस आपल्याकडे आणा, बाकी कमिशन-बिमिशन नंतर बघू.

भुसावळ_लोको

मला हे पटत नाही. नियम आणले की आपल्याकडे काय होईल माहितीये ना, अर्ज घ्यायला एक क्लार्क बसेल, तो म्हणेल साहेब मीटिंगला गेले, आखाजी जाईल, दिवाळी जाईल, सराफ दुसऱ्या पोरीला घेईल. सर म्हणता टीमला वाटा. का म्हणून? तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तर टीम वर्गणी काढणार का? बीकॉमचा पोरगा संध्याकाळी दुकानात हिशोब लिहितो त्याच्या पगारातून कॉलेज वाटा मागतं का? मग हिनेच काय घोडं मारलं. १९ वर्षांची आहे, मतदान करते, तिला ठरवू द्या.

अमळनेर_पीटी_सर

लोको भाऊ, दुकानात हिशोब लिहिणाऱ्याला दुकानात कॉलेजने नाही पाठवलं. हिला ग्राउंड, कोच, प्रवास, एंट्री सगळं संस्थेने दिलं. पण क्लार्कचा मुद्दा मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परवानगी नको, नुसती नोंद ठेवू असं म्हणतो.

शहाद्याचा_रेडर

मी युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळलोय, आता सरकारी नोकरीत आहे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून. माझं ऐका मामा, हे सगळे मोठे वकील आणि अमेरिकावाले येतीन पण मी ज्यातून गेलो ते सांगतो.

आमच्या भागातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानदाराने मला बूट, दोन ट्रॅकसूट, एक बॅग दिली, दुकानात माझा मोठा फोटो लावला. कागदावर सही घेतली, कॉपी दिली नाही, मागितली तर म्हणे आपल्यात काय कागदाचं. वर्षभराने मुंबईच्या एका क्लबकडून खेळायला बोलावलं, त्यांच्या जर्सीवर दुसरी कंपनी होती. झालं, हा माणूस घरी आला, आईला म्हणे तुमच्या पोराने करार मोडला, किटचे पैसे भरा नाहीतर कोर्टात ओढतो. आईला कोर्ट म्हटल्यावर काय वाटलं असेल विचार करा. भावाने गहू विकून पैसे दिले. त्या कागदात खरंच तसं लिहिलं होतं का हे मला आजपर्यंत माहीत नाही, कारण कागद बघितलाच नाही मी पुन्हा.

आणि मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं. त्या दिवसापासून एकाचाही फोन नाही. फोटो मात्र दुकानात तीन वर्षं होता, पोरं मला पाठवायची, दादा तुझा फोटो अजून आहे.

तर पैसे किती हे नंतर बघा. आधी हे विचारा की पोरगी जखमी झाली तर उरलेले पैसे देणार का, का उलटे मागणार. आणि फोटो कधी काढणार. हे दोन प्रश्न विचारल्यावर निम्मे लोक परत फोन करत नाहीत, तिथेच गाळून होतं.

अजून एक, प्रोटीनवाल्याचं अजिबात घेऊ नका. फुकटच्या डब्यात काय असतं कोणाला माहीत, डोपिंगमध्ये सापडली तर दुकानदार म्हणेल आम्हाला काय माहीत, आणि बॅन लागणार पोरीला. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं, मुद्दाम घेतलं का चुकून, हे पुढचं. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी खाद्य परवान्याचा) नंबर आहे म्हणून भागत नाही तिथे.

ॲडव्होकेट_धुळे

वरच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. खान्देशात अशा केसेस माझ्याकडे येता त्या सगळ्या उशिरा येता, सही झाल्यावर. हा सल्ला नाही, माहिती समजा, कागद बघितल्याशिवाय मी पक्कं काही बोलणार नाही.

आपल्याकडे कॉलेज खेळाडूंच्या जाहिरातींसाठी वेगळा कायदा नाही. म्हणून मोकळं रान आहे असंही नाही, इकडचे तिकडचे कायदे लागू होता.

पहिलं ते अकॅडमीचं प्रकरण, कारण तिथे तुमची बाजू सगळ्यात मजबूत आहे. पोरगी अकरावीत म्हणजे अठराच्या आतली होती. करार कायदा १८७२, कलम ११, अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३ पासून प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) निकाल आहे की असा करार मुळातच शून्य. अठरा पूर्ण झाल्यावर 'चालू ठेवते' म्हणून तो जिवंत करता येत नाही. सही बापाची असली म्हणून पोरगी बांधली जाते असंही समजू नका. मुंबई हायकोर्टाचा राजराणी विरुद्ध प्रेम अदीब म्हणून जुना निकाल आहे, अल्पवयीन मुलीला सिनेमात काम द्यायचा करार तिच्या वडिलांनी केला होता, कोर्टाने तो टिकवला नाही. त्यात फटका मुलीलाच बसला, तिलाच पैसे मागता आले नाहीत, हे पण लक्षात ठेवा, ही तलवार दोन्हीकडून कापते. तुमच्याकडे मात्र कापायचा आहे तो बोर्ड.

आणि फोटो न विचारता लावण्याबद्दल. आपल्याकडे यावर स्वतंत्र कायदा नसला तरी कोर्टांनी हा हक्क मानलाय. योगायोग बघा, गाजलेली केस सराफाच्या होर्डिंगचीच आहे. तनिष्कच्या जाहिरातीतले अमिताभ आणि जया बच्चन मुझफ्फरनगरच्या एका ज्वेलरने आपल्या होर्डिंगवर लावले, २०१२ ला दिल्ली हायकोर्टाने मनाई केली. कोणी म्हणेल ते बच्चन, आपण कोण. तर २०२१ ला टोकियोत सिंधूला ब्राँझ मिळालं तेव्हा कितीतरी कंपन्यांनी नुसत्या अभिनंदनाच्या पोस्टमध्ये तिचा फोटो आणि स्वतःचा लोगो टाकला, तर तिच्या मॅनेजमेंटने नोटिसा पाठवल्या. अभिनंदन करा ना, लोगो कशाला? आपल्या चौकातल्या बोर्डांना हाच प्रश्न आहे. शिवाय 'आमची विद्यार्थिनी' हे खोटं असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसवी जाहिरात होते, वेगळी तक्रार करता येते.

रमीवाल्याला आजच ब्लॉक करा, मी गंमत करत नाहीये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, आणि त्यांची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ड्रीम इलेव्हनचं नाव टीम इंडियाच्या जर्सीवरून गेलं ते उगाच नाही. जास्त पैसे तोच का देतोय ते आता कळलं असेल.

जाहिरात करणाऱ्याची पण जबाबदारी असते हे लोकांना माहीत नसतं. २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पैसे किंवा वस्तू घेऊन पोस्ट टाकली तर ते स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि खातरजमा न करता खोट्या दाव्याची जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरात करायला बंदी होऊ शकते. म्हणजे 'हे प्रोटीन घेऊन मी मेडल जिंकलं' असं तिच्या तोंडी घालू देऊ नका.

स्कूटी. स्कूटी म्हणजे उत्पन्न. वस्तूच्या रूपात वर्षाला वीस हजारांच्या वर दिलं तर १० टक्के टीडीएस भरायचा नियम २०२२ पासून आहे, देणाऱ्याची उलाढाल कोटीच्या वर असेल तर तो चुकत नाही, आणि सराफाची असणारच. वस्तूमधून कापता येत नाही म्हणून तो तुमच्याकडून रोख मागेल. त्यापेक्षा चेक घ्या, टीडीएस कापू द्या, पोरीच्या नावाने रिटर्न भरा, एवढ्या उत्पन्नावर नवीन पद्धतीत टॅक्स लागणार नाही, कापलेला परत येईल.

मॅनेजरच्या करारात मुदतीनंतरचं कलम शोधा. 'करार संपल्यावरही पुढची प्रत्येक ऑफर आधी आम्हाला दाखवायची' असं काहीतरी असतं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानवर त्याच्या एजन्सीने नेमकं यावरूनच केस केली होती, २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदत संपल्यावर असं बांधून ठेवता येणार नाही, करार कायद्याचं कलम २७. पण सात वर्षं मुदतीच्या आत मात्र तुम्ही अडकलात, तिथे झहीर वाचवायला येणार नाही.

कॉलेजबद्दल पीटी सरांनी लिहिलं तेच. लेखी मागा.

मामा_यावलवाले

सगळ्यांचे आभार. रमीवाला ब्लॉक केला, प्रोटीनवाल्याला भाचीनेच नाही सांगितलं. मॅनेजरचा कागद व्हॉट्सॲपवर मागवला तर आधी म्हणे समोरासमोर बसून सही करू, मग दाजींनी जोर धरला तेव्हा पाठवला. इंग्रजीत बारा पानं. कॉलेजमधल्या एका मॅडमकडून वाचून घेतला. त्यात तीस टक्के 'सर्व प्रकारच्या उत्पन्नातून' असं आहे, आणि खाली व्याख्येत बक्षिसाची रक्कम, शासनाचे रोख पुरस्कार, शिष्यवृत्ती आणि खेळामुळे मिळालेल्या नोकरीचा पगार!! म्हणजे पोरगी रेल्वेत लागली तर दर महिन्याला याला तीस टक्के? खेलो इंडियाचे महिन्याचे दहा हजार मिळाले तर त्यातले पण तीन हजार याचे? हे असं खरंच कोणी करतं का का आमच्यावरच प्रयोग?

आणि चोपडेकर, अमेरिकेच्या स्कॉलरशिपवर गेली तर तिथे जाहिराती करता येतील ना? कोचचा मेल खरा निघाला.

ओहायोतला_चोपडेकर

असे करार करता, मामा, करता. फ्लोरिडाच्या कॉलेजला जर्वॉन डेक्स्टर नावाचा फुटबॉलर होता, त्याने २०२२ ला एका कंपनीकडून ४ लाख ३६ हजार डॉलर घेतले आणि बदल्यात पुढे एनएफएलमध्ये (तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग) जे कमावेल त्याचे पंधरा टक्के, टॅक्स कापायच्या आधीचे, पंचवीस वर्षं. पुढच्या वर्षी तो एनएफएलमध्ये निवडला गेला आणि मग केस केली की हा करार रद्द करा. त्याला निदान आधी पैसे तरी मिळाले. तुमचा पुणेवाला काहीच न देता पगारात हात घालतोय.

आता इथल्या जाहिरातीचं. मेल खरा निघाला, मस्त, पण हे नीट वाचा. ती स्टुडंट व्हिसावर येणार, एफ-१. त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि जाहिरातीचं शूटिंग, पैसे घेऊन पोस्ट टाकणं हे काम धरलं जाऊ शकतं. इथल्या पोराला एनसीएएने दार उघडलं पण परदेशी पोरांचा प्रश्न व्हिसाचा आहे, तो एनसीएएच्या हातातच नाही. केंटकीचा ऑस्कर चिब्वे, मूळ काँगोचा, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, त्याला इथे डील करता येईना म्हणून २०२२ ला टीम बहामाला खेळायला गेली तेव्हा तिथे जाऊन त्याने जाहिरातीची कामं उरकली. अमेरिकेच्या हद्दीबाहेर. त्यामुळे तिचं जे काही जाहिरातीचं असेल ते भारतात, येण्याआधी किंवा सुट्टीत, आणि त्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारून. नुसत्या कोचला विचारू नका, कोचला व्हिसातलं कळत नाही, त्याला भाला किती लांब जातो तेवढंच कळतं. आणि आत्ता करताय त्या प्रत्येक कराराची कॉपी जपा, इथे आल्यावर विचारणार.

आणि सात वर्षांचा करार घेऊन ती इथे आली तर पुण्याचा माणूस इथल्या स्कॉलरशिपवर पण दावा सांगेल. त्याच्या व्याख्येत शिष्यवृत्ती आहे ना.

भुसावळ_लोको

बरं, एजंटसाठी नियम पाहिजे हे मान्य. पगारात तीस टक्के?? रेल्वेत आम्हाला सोसायटीचा हप्ता कापला तरी जीव जातो. पण खेळाडूच्या कमाईवर मर्यादा नको यावर मी ठाम आहे.

अमळनेर_पीटी_सर

कमाईवर मर्यादा मी पण म्हटली नव्हती. येत्या मीटिंगला विद्यापीठाच्या क्रीडा मंडळापुढे एक पानी प्रस्ताव ठेवतोय, नुसती नोंद, कराराची एक प्रत खेळाडूकडे असलीच पाहिजे, आणि सही केल्यावर चौदा दिवसांत माघार घ्यायची मुभा. कायदा नाही होणार तो, पण कॉलेजचं नाव-लोगो वापरायची परवानगी आमच्या हातात आहे, ती याच अटीवर देऊ असं म्हणता येईल. वकील साहेब, मसुदा बघाल का?

ॲडव्होकेट_धुळे

पाठवा. फी नाही, चहा लागेल. मामा, अकॅडमीच्या बोर्डाचे फोटो काढून ठेवा, चौक ओळखू येईल असे, आणि मोबाईलमध्ये तारीख-लोकेशन चालू ठेवून. नोटीस गेल्यावर ते रात्रीत बोर्ड उतरवता आणि मग म्हणता कुठला बोर्ड.

मामा_यावलवाले

काढले, व्हिडिओ पण केला. पुणेवाल्याला दाजींनी स्वतः फोन करून नाही सांगितलं, ताई दारात उभी राहून ऐकत होती. कॉलेजला पत्र दिलं, पोच घेतली, उत्तर नाही अजून. सराफाला म्हटलं स्कूटी नको, चेक द्या, होर्डिंग आखाजीनंतर आठ दिवसांत उतरवायचं, पोरीला दुखापत झाली तरी पैसे परत मागायचे नाही, आणि कागदाची एक कॉपी आम्हाला. म्हणे विचार करून सांगतो.